दहापैकी आठ

१५ ऑक्टोबर, बुधवार

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा रोजनिशी लिहायला बसले आहे, त्याला कारण कादोवाकी. त्याच्याशी वाद घालताना मला मुद्दे आठवत नाहीत आणि घरी येऊन चपला काढल्या की एकेक आठवायला लागतात. आता ते इथे टिपून ठेवायचे.

आज हिराताच्या महिला सभागृहात पहिलं व्याख्यान झालं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत दर बुधवारी एका गावी, असे दहा बुधवार नगरपालिकेनं ठरवून दिलेत. विषय माझा एकतीस वर्षांचा: घरातली बाई आतून खचत असते तेव्हा घराला ते कळावं कसं. मात्सुएत मी कुटुंबांचं समुपदेशन सुरू केलं तेव्हा या कामाला लोक 'दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं' म्हणायचे. आता सरकारी पत्र येतं, त्यावर 'माननीय इतोहारा तामाए' असं छापलेलं असतं.

व्याख्यानाआधी माझा गुलाबी कागद वाटला. 'घरातल्या बाईसाठी दहा प्रश्न.' झोप मोडते का, जेवणाची चव गेली आहे का, दोन आठवड्यांत एकदाही हसू आलेलं नाही का, असे साधेच. दहावा मात्र सरळ आहे: आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का. मी मंचावरून एकेक वाचते, बायका पेन्सिलीनं खुणा करतात. पाचाच्या वर खुणा झाल्या तर घरी बोला, असं सांगते. आणि घरच्यांना सांगते की दहावा प्रश्न तोंडानं विचारा, आडवळणं घेऊ नका, विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो शिरत नाही.

मग वातावरण हलकं करायला ओल्या पानाचा विनोद. निवृत्त नवरा म्हणजे पावसातलं गळलेलं पान, चपलेला चिकटलं की झाडूनही निघत नाही. बायको बाजारात तर हा बाजारात, बायको देवळात तर हा देवळात. आज एक आजी इतकी हसली की तिची कवळी हातात आली.

नवरे नेहमीप्रमाणे बाहेर. सभागृहापुढे पंधरा-वीस गाड्या आणि प्रत्येकीत सीट मागे टाकून पडलेला एकेक नवरा. आमचे बाबाही त्यांतलेच. बाबा म्हणजे माझे यजमान, हिदेमासा. चिहारु झाली तेव्हापासून ते मला आई म्हणतात आणि मी त्यांना बाबा. ती लग्न होऊन ओसाकाला गेली त्याला नऊ वर्षं झाली, पण आई-बाबा काही सुटले नाहीत. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून सारथी तेच.

परतताना म्हणाले, "ते दहा प्रश्न फक्त बायकांनाच का गं, आई?"

"पुरुषांना दहापर्यंत मोजायचा धीर कुठे असतो?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पूर्वी अशा टोल्याला प्रतिटोला यायचा. म्हातारपणी माणूस मठ्ठ होतो म्हणतात ते खरं असावं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कादोवाकीशी वाजलं एकदाचं. हा माझा विद्यार्थी, छत्तीस वर्षांचा, आता माझ्याबरोबरच काम करतो आणि स्टेशनमागे त्याची स्वतःची खोलीही आहे. नगरपालिकेला प्रश्नावली नव्यानं छापायची आहे, डिसेंबरपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

"बाई, राग मानू नका, पण त्यातला 'बाई' हा शब्द काढूया. आणि कागद पांढरा करूया."

"रंगानं काय घोडं मारलंय?"

"पुरुष हातात धरत नाहीत."

"धरू नये म्हणूनच तो गुलाबी आहे."

मग त्यानं नेहमीचे आकडे काढले. डॉक्टरकडे जाणाऱ्यांत बायका जास्त, पण जीव देणाऱ्या तिघांत दोन पुरुष. जसं काही मला ठाऊक नाही. ते आकडे मी त्याला शिकवले आहेत.

त्याला न सांगितलेला मुद्दा इथे लिहिते. माझ्याकडे आलेली पहिली बाई साकाईच्या कोळ्याची बायको होती. चार डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, वय झालं, सोसा. मी तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिचा नवरा देत होता. झोप लागते का? लागते की, घोरते. जेवता का? चांगली दोन वाट्या. शेवटी मी त्याला म्हटलं, तुम्ही जरा गाडीत बसा. दार लागलं आणि ती बाई बोलायला लागली ती दीड तास थांबली नाही. त्या दिवसापासून माझा नियम आहे, आधी नवरा गाडीत. या भागात नवऱ्यांना गाडीत बसवायची रीत मी पाडली, आणि मला तिचा अभिमान आहे. पुरुषांना दुःख सांगायला गुत्ता आहे, कचेरी आहे, गळ टाकून बसायला तळं आहे. बाईला एवढा एक कागद.

२२ ऑक्टोबर, बुधवार

यासुगी. मुसळधार पाऊस, तरी सभागृह भरलेलं. आवरताना तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "मागच्या रांगेत एक गृहस्थ येऊन बसले होते. पाऊस आहे म्हणाले. आमच्याकडे पेन्सिल मागितली, जाताना आठवणीनं परत दिली."

आमच्या मुलखात माणूस एक वेळ डबा विसरेल, छत्री विसरणार नाही. तेव्हा पावसाचं हे निमित्त असणार. नगरपालिकेनं तपासायला पाठवलेला माणूस असावा, नाहीतर कादोवाकीच्या बाजूचा कोणी. मागच्या रांगेवरचे दिवे बंद असतात, मला काही दिसलं नाही. पुढच्या वेळी आधीच विचारून घेईन.

गाडीत बाबांनी दोनदा घसा खाकरला. सर्दी होणार असेल. घरी मासे आहेत का, की वाटेत घेऊया, विचारलं तर म्हणाले, "आहेत."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नवं कुटुंब, नोत्सु. नवरा र्योजी, माशांच्या वड्या भाजण्याच्या कारखान्यात काम करतो, त्याच्या बाहीलाही तो वास होता. बायको कानाको, चौतीस वर्षांची. दोघांना घेऊन आली होती त्याची आई.

म्हातारी बसायच्या आधीच सुरू झाली. "सूनबाई नऊ-नऊ वाजेपर्यंत लोळत असते हो. आमच्या वेळी नऊला दुसरं भांडं चुलीवर चढलेलं असायचं. नातवाचा डबा हा करून देतो, हा. पुरुष माणूस."

"डब्यात काय देतोस?" मी त्याला विचारलं.

"अंडं," तो म्हणाला. तासाभरात त्याच्या तोंडून निघालेला तो एकच शब्द.

कानाको उतरलेल्या चेहऱ्यानं बसली होती, डोळ्यांखाली काळं. अगदी पुस्तकातलं उदाहरण. मी मायलेकांना बाहेर पाठवायला निघाले, तर कादोवाकी हळूच म्हणाला, "बाई, र्योजी राहू दे का?" मी नको म्हटलं. दार लागल्यावर कानाकोनं कागदावर तीन खुणा केल्या आणि म्हणाली, "मला फक्त झोप येते. दिवसा." बाकी काही बोलेना. दर वेळी दार लागलं की बाई बोलते. ही खिडकीशी गेली आणि खाली त्यांची गाडी कुठे आहे ते बघत राहिली.

नवऱ्याचा धाक असावा.

२ नोव्हेंबर, रविवार

चिहारुचा फोन. "आई, बाबा फोनवर एवढे कमी का बोलतात?"

"ते जन्मापासून कमीच बोलतात."

"पूर्वी हवामान तरी सांगायचे."

हे खरं आहे. चाळीस वर्षं जिल्ह्याच्या पाणी विभागात काढली, शेवटची अकरा विभागप्रमुख म्हणून. धरणात किती मीटर पाणी आहे ते सकाळी दात घासताना सांगायचे. हल्ली सांगत नाहीत. सांगून तरी काय, आता ते पाणी दुसऱ्याचं.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांनी कपाटं लावण्यात घालवलं. मग कपाटं संपली. सकाळी दहाचा आणि दुपारी तीनचा हिरव्या पुडीचा चहा तेच घुसळायचे, माझ्यापेक्षा छान फेस येतो त्यांचा. आता तो मीच करते आणि त्यांच्यापुढची मिठाई तशीच राहते, संध्याकाळी मी खाते. त्यामुळे माझं वजन दोन किलोनं वाढलंय. दिवसभर घरात असतात. मी या खोलीत गेले की या खोलीत, त्या खोलीत गेले की दाराशी. काही हवंय का विचारलं तर, काही नाही. माझा विनोद मी त्यांच्यावरूनच केलाय हे उघड आहे, पण बायकोला कामाच्या वेळी पायात माणूस आला की कसं होतं हे मांडायचा हक्क मला आहे.

ठरवलं, हा बुधवार सोडून पुढच्यापासून बसनं जायचं. त्यांनाही तीन-तीन तास गाडीत ताटकळायला नको. सांगितलं तेव्हा वर्तमानपत्राचं पान उलटत म्हणाले, "बरं."

मला वाटलं होतं खूश होतील.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बसचा प्रवास मजेचा झाला. शेजारच्या बाईनं वाटेत पिकलेलं पर्सिमनचं फळ कापून दिलं, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकवल्या, मी फुकट सल्ला दिला. व्याख्यान उत्तम. दोन बायकांच्या आठाच्या वर खुणा होत्या, दोघींना थांबवून घेतलं. आठ म्हणजे मी त्या माणसाला एकटं घरी पाठवत नाही, हा माझा जुना दंडक.

साडेचारला घरी आले तर गाडीचा पुढचा भाग गरम.

"कुठे जाऊन आलात?"

"सहज. धरणाकडे. पाणी बघून आलो."

"किती मीटर?"

"बघितलं नाही," म्हणाले.

नोकरी सुटली तरी धरण काही सुटत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी चुकले. पूर्ण लिहून काढते, नाहीतर उद्यापर्यंत मी त्याला दुसरं नाव देईन.

नोत्सु पुन्हा आले. मी नेहमीप्रमाणे र्योजीला गाडीत बसायला सांगितलं, तर कानाको उभी राहिली. "त्यांना एकटं पाठवू नका," म्हणाली. आवाज चढवून नव्हे, अगदी हळू. सासू म्हणाली, "हे बघा, नवरा पाच मिनिटं नजरेआड नको आणि सकाळी मात्र..." कादोवाकीनं म्हातारीला चहाच्या निमित्तानं बाहेर नेलं आणि परत आला.

"कानाकोबाई, तुम्ही केव्हा झोपता?" त्यानं विचारलं.

"हे कामावर पोचल्याचा फोन आला की."

"आणि रात्री?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दाराचा आवाज ऐकत असते. मार्चपासून. दोनदा हे उठून बंदरावर गेले होते, मी मागून गेले. काही बोलले नाहीत, मीही नाही. दोघं परत आलो. तेव्हापासून मी जागी असते आणि हे कामावर गेले की झोपते."

म्हणजे ज्या लोळण्याबद्दल तिला इथे आणलं होतं, ती पहारेकऱ्याची झोप होती. आणि मी दोन्ही वेळा ज्याच्यावर पहारा, त्यालाच बाहेर पाठवायला निघाले होते.

कादोवाकीनं माझ्या टेबलावरचा गुलाबी कागद उचलला, वरची ओळ दुमडून मागे घातली आणि र्योजीला पहिल्यापासून प्रश्न विचारले. तो धडाधड उत्तरं देत गेला. अंड्यापलीकडे शब्द न काढणारा माणूस. दहाव्यालाही हो म्हणाला, आणि मग बायकोला म्हणाला, "तू जागी असतेस हे मला माहीत नव्हतं."

त्याला आजच इस्पितळात नेलं. तो सुखरूप आहे. कादोवाकी मला काहीच बोलला नाही, आणि तो टोमणा मारता तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बसनं गेले, बसनं आले. ओल्या पानाचा विनोद केला नाही. मनच नव्हतं. बाबा पुन्हा धरणावर जाऊन आले होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेले चार दिवस मी घरात चोरासारखी बाबांना बघते आहे.

त्यांच्या पट्ट्याला नवं भोक आहे, खिळ्यानं पाडलेलं, कडा नीट तासलेल्या. पाणी विभागाचा माणूस, भोकही मापात पाडतो. बुद्धिबळासारख्या आमच्या शोगीच्या खेळाचं मासिक दर महिन्याला येतं, एप्रिलपासूनचे अंक वेष्टनातच आहेत. तेही त्यांनी तारखेप्रमाणे रचून ठेवलेत. शिंपल्यांची आमटी त्यांच्या जिवाभावाची. काल प्रत्येक शिंपला उघडून आतलं काढलं आणि कडेला ठेवलं.

"आवडली नाही?"

"पोट जरा जड आहे."

हे 'पोट जड आहे' मी किती दिवस ऐकतेय? मागे जाऊन आठवलं तर गेल्या उन्हाळ्यापर्यंत पोचते. एखाद्या बाईनं मला हे सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे वही उघडली असती.

आणि तरी मन म्हणतं, छे, यांना कसं होईल? हे तर बाबा आहेत. एकतीस वर्षं काम करून माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गुडघा दुखतोय असं खोटं सांगितलं आणि गाडी काढायला लावली. लगेच उठले, काच पुसली, हवा तपासली. सभागृहात आत चला म्हटलं तर म्हणाले, "तुझा नियम आहे ना?" गाडीतच बसले. मी व्याख्यानात तीनदा धागा सोडला, कारण मी सारखी खिडकीतून गाडी बघत होते. कानाको बघत होती तशीच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नावानं हाक मारून पाहिली. इतरांना मी हा उपाय नेहमी सांगते. "हिदेमासा," म्हटलं.

ते न्हाणीघरातून ओल्या हातांनी धावत आले. "काय झालं? चिहारुचं काही?"

"काही नाही. सहज हाक मारली."

"मग असं बोलावत जाऊ नको. छातीत धस्स झालं."

दोघांनाही थोडं हसू आलं. तेवढ्या हसण्यावर मी धीर करून म्हटलं, "बाबा, तुम्ही माझ्याबरोबर कादोवाकीकडे याल? मंगळवारी. माझ्यासाठी म्हणून नाही, तुमच्यासाठी."

बराच वेळ हात पुसत राहिले. "तुमच्या त्या कागदावर पुरुषांना मज्जाव आहे ना?"

"कादोवाकी तो शब्द दुमडून ठेवतो."

"हुशार आहे पोरगा," म्हणाले. "येतो."

एवढं सोपं होतं. मला राग आला, त्यांचा नव्हे. दोन दिवसांत साऱ्या देशाचे देव आमच्या या मुलखात जमतील, दरवर्षी याच महिन्यात येतात, आणि लोक त्यांना लग्नं जुळवून मागतील. मला काय मागावं तेही सुचत नाही. मंगळवार लवकर येऊ दे, एवढंच.

२ डिसेंबर, मंगळवार

कादोवाकीची खोली लहान आहे. मी एवढी वर्षं ज्या बाजूला बसले नाही त्या बाजूला बसले.

"काका, कधीपासून?" त्यानं विचारलं.

"निवृत्त झालो तेव्हा नाही. त्याच्या पुढच्या मार्चपासून." मग म्हणाले, "नक्की तारीख सांगता येत नाही, माफ करा."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायला गेलो होतो." माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होते. "यासुगीला. पावसाचं निमित्त काढलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. आई वर एकेक प्रश्न वाचत होती, मी खाली खुणा करत होतो. चांगलं वाचते ती. नऊ खुणा झाल्या. मग तिनं ते ओल्या पानाचं सांगितलं. सगळ्या हसल्या, मलाही हसू आलं. चांगला आहे तो विनोद. पण हसू आलं म्हटल्यावर ती हसण्याची खूण खोटी झाली, पुसावी लागली. आठ राहिल्या."

कादोवाकीनं पेन खाली ठेवलं.

"मला वाटलं, आई वरून बघेल. मग वाटलं, वरून दिसत नसेल, गाडीत विचारेल. दोनदा घसा खाकरला मी. तिनं विचारलं, घरी मासे आहेत का." आणि मग माझी बाजू घेतल्यासारखं म्हणाले, "तिला तरी कसं कळणार? कागद बायकांसाठी होता."

 आठ म्हणजे मी परक्या बाईलाही एकटं घरी पाठवत नाही. आणि यांना घरी एकटं ठेवून मी दोन बुधवार बसमध्ये फळं खात गेले. मला वाटत होतं की मी त्यांना मोकळं करते आहे.

कादोवाकी म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसता?"

बाहेर खुर्ची नव्हती. गाडीत जाऊन बसले. पंचवीस मिनिटं. आत काय चाललं असेल, माझ्याबद्दल काय सांगत असतील, ते मोठ्यानं का बोलत नाहीत, सगळं मनात येऊन गेलं. त्या कोळ्यालाही येऊन गेलं असेल.

मग कादोवाकी खाली येऊन खिडकीशी वाकला. "गुरुवारी सकाळी डॉक्टरांची वेळ घेतलीय. तोवर त्यांना एकटं ठेवू नका. दहाव्याचं मला त्यांनी सांगितलंय. तुम्हालाही सांगणार आहेत, पण तुम्ही विचारलं तर. विचारा, बाई."

तळ्याच्या कडेनं येताना त्यांना गाडी थांबवायला सांगितली. शिंपल्यांच्या होड्या केव्हाच परतल्या होत्या. हजारो बायकांना मी हा प्रश्न विचारलाय, झोप झाली का विचारावी तितक्या सहज. आज मात्र आधी थंडी वाजते का विचारलं. मग हीटर वाढवू का विचारलं.

"आई," ते म्हणाले, "तू काहीतरी विचारणार होतीस."

"आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं तुम्हाला?"

"आत्ता नाही."

"आणि आधी?"

"दोनदा."

"केव्हा?"

"तू बसनं गेलीस ते दोन्ही बुधवार."

"धरणावर?"

त्यांनी हो अशी मान हलवली. "एरवी तुला पोचवायचं असायचं, आणायचं असायचं. त्या दिवशी काही नव्हतं."

"मग परत कसे आलात?"

त्यांनी अगदी विचार करून उत्तर दिलं, एखाद्या नोंदीत चूक राहू नये तसं. "साडेतीन वाजले. तू साडेचारला येणार होतीस. तांदूळ धुतलेले नव्हते."

हे उत्तर आल्यावर घरच्यांनी काय म्हणावं, ते मी एकतीस वर्षं शिकवत आले आहे. त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी त्यांची बाही धरून रडले. ते म्हणाले, "बाही ताणते आहेस," आणि हात तसाच राहू दिला.

३ डिसेंबर, बुधवार

आजचं व्याख्यान कादोवाकीनं घेतलं. सकाळी त्याचा फोन आला, कागद कुठला नेऊ. कुठलाही ने, म्हटलं, फक्त नवऱ्यांना गाडीतून आत बोलव.

मी कुठेही गेले नाही. चिहारु शनिवारी येते आहे. बाबा दुपारी थोडे झोपले, मी दाराशी बसून होते. जेवण आजही अर्धंच गेलं. उद्या डॉक्टर, मग औषधं, मग किती महिने लागतील ते मला कोणी सांगायला नको आणि मला आज ठाऊकही नाही.

साडेतीनला आम्ही तांदूळ धुतले. दोन माणसांचे ते किती, त्याला चार हात लागत नाहीत. तरी दोघांनी मिळून धुतले.